जंगलात सापडलेली हाडं कोणाची, हे डीएनए कसं सांगतो?

नोव्हेंबर 2022. दिल्लीच्या मेहरौली भागातल्या जंगलात पोलीस हाडांचे तुकडे गोळा करत होते. वसईच्या एका तरुणीचा त्याच वर्षी मे महिन्यात खून झाला होता, असं तपासात समोर आलं होतं. बातमी तुम्हाला आठवत असेलच. पण हाडं मिळाली म्हणजे केस सुटली का? नाही. ती तिचीच आहेत, हे आधी सिद्ध करायचं होतं. चेहरा नाही, बोटांचे ठसे नाहीत. उरला डीएनए.

हाडात डीएनए टिकतो कसा?

मांस लवकर कुजतं. हाडातल्या पेशी मात्र कॅल्शियमच्या घट्ट जाळ्यात बंद असतात आणि डीएनए त्या खनिजाला चिकटून राहतो. म्हणून लॅबची पहिली पसंती मांडीच्या हाडाला, दाढांना आणि कवटीतल्या आतल्या कानाभोवतीच्या टणक हाडाला असते.

आधी हाडाचा वरचा थर घासून काढतात, कारण त्यावर मातीतले जिवाणू आणि हाताळणाऱ्यांचा डीएनए असू शकतो. मग हाडाची पूड करायची. ती साध्या मिक्सरमध्ये करून चालत नाही, कारण उष्णतेने डीएनए तुटतो. त्यासाठी द्रवरूप नायट्रोजनमध्ये हाड गोठवून दळतात. पूड ईडीटीए या रसायनात ठेवली की कॅल्शियम विरघळतं, एन्झाइम प्रथिनं तोडतं आणि मोकळा झालेला डीएनए सिलिकावर पकडला जातो. पुढे पीसीआरने त्याच्या लाखो प्रती काढतात.

त्यानंतर डीएनएमधल्या साधारण 20 ठरावीक जागा तपासतात. प्रत्येक जागी मुलाकडे एक भाग आईचा, एक वडिलांचा असतो. डिसेंबर 2022 मध्ये याच पद्धतीने जंगलातली हाडं तिच्या वडिलांच्या डीएनएशी जुळली.

मग हैदराबादला नमुने का गेले?

काही नमुन्यांमधून असा डीएनए निघालाच नाही. ते हैदराबादच्या सीडीएफडी या संस्थेत मायटोकॉन्ड्रियल डीएनएसाठी पाठवले गेले. पेशीत केंद्रकातला डीएनए एकाच ठिकाणी असतो, मायटोकॉन्ड्रियाच्या प्रती मात्र शेकडो-हजारो. त्यामुळे खराब हाडात किंवा मूळ नसलेल्या केसातही काही तरी उरतं. हा डीएनए फक्त आईकडून येतो. तिची आई आधीच वारली होती. अशा वेळी भाऊ कामी येतो, कारण दोघांकडे आईचाच वारसा. जानेवारी 2023 मध्ये एक हाड आणि केस जुळल्याचा रिपोर्ट आला. अर्थात, आईकडच्या सगळ्या नातेवाइकांचा हा डीएनए सारखाच असतो, त्यामुळे एकट्याने तो व्यक्ती ठरवू शकत नाही.

आपल्या हवामानात हे सगळं आणखी कठीण. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांच्या टीमने राखीगढीतल्या प्राचीन सांगाड्यांचे 61 नमुने तपासले. वापरण्याजोगा डीएनए फक्त एकातून मिळाला, हे 2019 मध्ये प्रसिद्ध झालं. ते जुनं प्रकरण, पण ऊन आणि ओल आजच्या हाडांनाही सोडत नाहीत. म्हणूनच हाडं प्लास्टिकमध्ये नाही, कागदी पाकिटात ठेवायची असतात. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते.

राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांपैकी एक आपल्या नाशिकमध्येही आहे. पण कोणतीही लॅब हाडाकडे बघून नाव सांगत नाही, तुलनेला नातेवाईक लागतोच. घरातलं कोणी बेपत्ता असेल आणि बेवारस सांगाडा सापडल्याचं कळलं, तर तपास अधिकाऱ्याकडे डीएनए तुलनेची मागणी करा. आई-वडील किंवा मुलांचा नमुना सगळ्यात उपयोगी. ते नसतील तर सख्खी भावंडं.