लोणारचा खार, चेहऱ्यावरचं आम्ल

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या सरोवराचा सामू 10 च्या आसपास असतो. पाण्यात सोडा विरघळलेला, म्हणून ते इतकं खारं. या भागात साबण आणि काच बनवण्याचा माल मिळतो, अशी नोंद ‘आईन-ए-अकबरी’तही आहे. आपली त्वचा याच्या अगदी उलट: तिचा सामू 5 च्या जवळपास, आम्लाकडे झुकलेला. या मोजपट्टीवर एकेक अंक दहापटीचा, तेव्हा दोघांत अंतर लाखपटीचं.

चेहऱ्याच्या त्वचेचा वरचा थर काढणाऱ्या केमिकल पीलमध्येही आम्लच वापरतात. ग्लायकोलिक आम्ल मृत पेशींना एकमेकींशी जखडणारे दुवे सैल करतं आणि वरचा थर सुटतो. ठरलेली मिनिटं भरली की बहुधा खाण्याच्या सोड्याचं द्रावण लावून ते थांबवतात. हा सोडा लोणारच्या खाराचाच भाऊबंद.

पीलनंतर काही दिवस त्वचेचं आम्लाकडे झुकलेलं कवच पातळ असतं. साध्या साबणवडीचा सामू 9-10, म्हणजे जवळजवळ लोणारचं पाणीच! तेव्हा साबण, लिंबू, डाळीचं पीठ सगळं बंद. सौम्य फेसवॉश आणि साधं मॉइश्चरायझर पुरतं. सुटलेली पापुद्री ओढू नये, खालची त्वचा अजून तयार झालेली नसते.

तयारी आधीच सुरू व्हायला हवी. रेटिनॉइड मलम, स्क्रब, वॅक्सिंग, ब्लीच आठवडाभर आधी थांबवावं. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतल्या असतील किंवा ओठांवर वारंवार पाण्याचे फोड उठत असतील, तर त्वचारोगतज्ज्ञांना सांगावंच. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली ‘गोरं करणारी’ मलमंही लपवू नयेत. त्यांत अनेकदा स्टेरॉइड असतं, त्याने त्वचा पातळ होते, आणि अशा चेहऱ्यावर आम्ल खोल उतरतं.

खरी काळजी उन्हाची. आपल्या सावळ्या त्वचेला इजा झाली की रंगपेशी चवताळतात आणि महिनोन्‌महिने न जाणारे काळे डाग पडतात. बुलढाणा शहर घाटावर, तिथे जरा निभावतं. पण घाटाखालच्या मलकापूर-शेगावचा वैशाख! अक्षय्य तृतीयेच्या लग्नासाठी आठवडाभर आधी पील करून घेणं म्हणजे डागांना आवतण. करायचंच तर थंडीत करावं, आणि नंतर किमान 30 एसपीएफचं सनस्क्रीन रोज लावावं, बाहेर असल्यास दर दोन तासांनी पुन्हा. तोंडाला ओढणी हवीच. थंडीतही दिवसभर कपाशी वेचायला जावं लागत असेल, तर वेचणी उरकेपर्यंत पील पुढे ढकलावं.