चिखलणीच्या ऐन वेळी पॉवर टिलरचे इंजिन जोर का सोडते?

राधानगरी तालुक्यात दाजीपूरच्या अंगास आर्द्रा नक्षत्र लागले की पाऊस सहसा उसंत देत नाही. तरवा तीन-साडेतीन आठवड्यांचा होताच त्याची लावण व्हावयास हवी. तो तसाच वाढत राहिला तर पुढे फुटवे कमी येतात व उत्पन्न घटते. अशा वेळी पॉवर टिलरचे इंजिन चिखलात जोर धरीनासे झाले म्हणजे शेतकरी ते तडक कारागिराकडे नेऊन उघडावयास लावतो. वस्तुतः दोष बहुधा इंजिनाच्या पोटात नसून हवा, डिझेल व पाणी यांच्या वाटेवर असतो.

प्रथम हे पाहावे की इंजिनच मंदावते की नुसती चाके. इंजिनाचा आवाज कायम राहून चाके वा रोटर मंदावत असेल, तर पट्टे किंवा क्लच घसरत आहे असे समजावे. इंजिन बंद करून पट्टा मध्यावर अंगठ्याने दाबावा. तो सुमारे बोटभरच दबावा. पट्ट्यास चिखल वा वंगण लागले असल्यास पुसून काढावे.

आवाजच खाली बसत असेल तर धुराकडे पाहावे. काळा धूर म्हणजे डिझेलाच्या मानाने हवा अपुरी, किंवा यंत्रावर भार जास्त. चिखलणीत धूळ नसते, मग हवेची गाळणी कशी तुंबेल, असे विचारले जाते. परंतु त्याच यंत्राने उन्हाळ्यात तांबडी माती फोडलेली व ट्रॉली ओढलेली असते; ती धूळ गाळणीत तशीच बसून राहते. तेलाच्या वाटीची गाळणी असल्यास वाटी धुऊन नवे तेल खुणेपर्यंतच भरावे. खुणेच्या वर भरलेले तेल इंजिन आत ओढून घेते.

धूर फारसा नाही, पण इंजिन आचके देते व भार पडताच बसते, तर डिझेल पुरेसे पोचत नाही. पावसाळ्यात हा दोष फार आढळतो. पाणी डिझेलाहून जड असल्याने ते टाकीच्या तळाशी साचते. सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी तळचा मळसूत्री स्क्रू सैल करून ते काढून टाकावे. गाळणी तुंबली असल्यास बदलावी. त्यानंतर नळीत शिरलेली हवा काढण्यास विसरू नये: हवा काढण्याचा स्क्रू सैल करून बुडबुड्याविना धार येऊ लागताच तो आवळावा. आणखी एक कारण अगदी क्षुल्लक, पण फसवे आहे. टाकीच्या झाकणास हवेसाठी बारीक छिद्र असते. पाऊस आत जाऊ नये म्हणून झाकणावर प्लॅस्टिक घट्ट बांधले, किंवा छिद्रात चिखल बसला, तर इंजिन काही वेळ उत्तम चालते व मग हळूहळू दम सोडते. झाकण सैल करताच ते सावरले, तर दोष तेथेच आहे. प्लॅस्टिकाऐवजी वर पत्र्याची छत्री करावी.

काही वेळाने इंजिन तापून जोर कमी होत असेल, तर रेडिएटरच्या पाकळ्यांत बसलेला चिखल, पाण्याची पातळी व पंख्याचा पट्टा पाहावा. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये, वाफेने भाजते. तापल्या इंजिनावर थंड पाणी ओतणे तर सर्वस्वी टाळावे. बिडास तडा जातो.

एवढे करूनही गुण न आल्यास, डिझेल बंद करून व डिकॉम्प्रेशनचा खटका सोडून इंजिन हाताने सावकाश फिरवावे. दाबाच्या जागी अडथळा जाणवला नाही, तर व्हॉल्व्ह बसत नाहीत किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. निळा धूर व वंगण तेलाचा वाढता खप हीही झिजेचीच खूण होय. हे काम मात्र कारागिराचे. गव्हर्नर व डिझेल-पंपाचे सील घरी तोडू नये, आणि नोझलची फवारणी तपासताना हात पुढे धरू नये. त्या दाबाने डिझेल कातडीत शिरते. कारागिरास धुराचा रंग, जोर किती वेळाने जातो व शेवटचे वंगण तेल कधी बदलले, एवढे सांगितल्यास इंजिन विनाकारण खोलले जाणार नाही.