लगामाला तोंड न देणारं तट्टू

(मोताळा येथे पशुपालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळी, आज बोलायचं आहे ते घोड्याच्या तोंडाबद्दल. आपल्याकडे तट्टू आता दिसतं ते वरातीत, नाहीतर मेंढरांच्या कळपामागं संसार वाहताना. दोन्हीकडून आमच्याकडे तक्रार एकच येते: लगाम पाहिला की मान वर करते, दात आवळते, अंगावर येते. मग दोघं जण कान पिळून, वरच्या ओठाला दोरीचा फास देऊन लगाम चढवतात. त्या दिवसाचं काम भागतं. पुढच्या खेपेला तिघं लागतात. शेवटी मालक म्हणतो, घोडी कामाची राहिली नाही. मग ती विकली जाते, नाहीतर रस्त्यावर सोडून दिली जाते. म्हणजे यात घोडीचा जीव आहे आणि मालकाचं पोटही आहे.

आमचं सांगणं एवढंच की, लगामाला नकार ही घोडीनं दिलेली बातमी समजा. आधी ती बातमी वाचायची, शिकवणी त्यानंतर.

आधी तोंड पाहा

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात घोड्याचं तोंड प्रत्येक जण उघडून बघतो. पण बघतो काय, तर पुढचे दात, वय कळावं म्हणून. दुखणं बहुतेक वेळा मागं असतं. घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्या मधे मोकळी हिरडी असते. लगामाची लोखंडी कडी तिथंच बसते. त्या हिरडीची कातडी पातळ, खाली लगेच हाड. घोड्याच्या दाढा वर्षाला साधारण दोन ते तीन मिलिमीटर वर येत राहतात आणि चारा चावताना झिजतात. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्यामुळे झीज सारखी होत नाही. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा आणि खालच्यांच्या आतल्या कडा धारदार होतात. लगामाचा पट्टा गालाला आवळला की गाल त्या कडांवर कापतो. काही घोड्यांना वरच्या दाढांच्या पुढे एक बारीकसा जादा दात असतो, तोही कडीला लागतो.

याच्या खुणा बाहेरून दिसतात. घोडी चारा चघळून त्याचे गोळे खाली टाकते, खाताना मान वाकडी करते, तोंडाला घाण वास येतो, शेणात अख्खे दाणे दिसतात. अशा वेळी दाढांपर्यंत आपला हात घालू नका, बोट जाईल. ते काम पशुवैद्यकाचं. १९६२ या क्रमांकावर फोन करा. दाढा घासण्यासारखं काम इथं होत नसेल, तर अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थेत विचारा. कानही तपासून घ्या. कानात गोचीड असेल, तर पट्टा कानावरून जाताना घोडी उसळणारच.

चार महिने दावणीला

आपल्याकडे दुर्लक्षाला एक ठरलेला काळ आहे. चातुर्मासात लग्नं थांबली की घोडी अगाडी-पिछाडी बांधून चिखलात उभी. खुरं वाढलेली, खरारा नाही, चारा मिळेल तो. तुळशीचं लग्न झालं की एकदम गोंडे-घुंगरांचा लगाम, डीजे आणि फटाके. लगामाचं चामडं वाळून कडक झालेलं असतं, कडीला गंज चढलेला असतो. उन्हाळ्यात तीच कडी उन्हात तापते. आपण तरी अशी वस्तू तोंडात घेऊ का?

खंगलेल्या घोडीला दया म्हणून एकदम घमेलंभर दाणा देऊ नका, पोटशूळ उठतो. चांगला चारा थोडा थोडा, दिवसातून अनेकदा द्या, पाणी कायम समोर ठेवा. जंताचं औषध, धनुर्वाताची लस, खुरांची साळणी, सगळं डॉक्टरांच्या सल्ल्यानं. अंगात जीव आला की मगच शिकवायला घ्या.

शिकवणी

घोडा शिकतो तो दाब सुटण्याच्या क्षणी. इथं एक गोम आहे बघा. घोडीनं मान वर झटकली आणि आपण घाबरून हात काढला, की ती शिकते: मान झटकली की त्रास थांबतो. म्हणजे रोज आपणच तिला नकार शिकवत असतो. हे उलटं करायचं.

एक. डाव्या खांद्याशी उभे राहा. नाकासमोर उभं राहू नका, कपाळाच्या अगदी पुढचं घोड्याला दिसत नाही. मानेवर हात ठेवून हळूहळू कानाकडे न्या. ती बिचकण्याच्या आधीच थांबा, आणि मान स्थिर असताना हात काढा. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा.

दोन. म्होरकीची दोरी हलकेच खाली ओढून धरा. मान बोटभर जरी खाली आली, तरी त्याच क्षणी दोरी सैल सोडा.

तीन. ओठाच्या कोपऱ्यातून अंगठा आत घाला. तिथं दात नसतात. अंगठ्याला गूळ लावा. तोंड उघडलं की अंगठा बाहेर.

चार. आता मऊ सुती पट्टी कडीसारखी तोंडात द्या आणि काढा. ती बिनतक्रार घेऊ लागली की मग कडी, गूळ लावून. डोक्यावरचा पट्टा बकल सोडून मानेवरून घ्या आणि मग लावा, म्हणजे कान ओढले जात नाहीत.

पाच. काढतानाची घाई सगळ्यात वाईट. कडी दातांवर आपटली की आठवडाभराची मेहनत गेली. पट्टा सोडून थांबा, घोडी स्वतः तोंड उघडून कडी टाकेल.

बसवलेली कडी ओठाच्या कोपऱ्याला नुसती टेकावी. नाकपट्ट्याखाली दोन बोटं आणि गळपट्ट्याखाली मूठ जायला हवी. एखाद्या दिवशी घोडी मागं सरली, तर आपणही एक पायरी मागं यायचं. रागात असाल तर त्या दिवशी हातच लावू नका.

आणि काटेरी कडीचा विचारही नको. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ साली नियम झाले. काटे किंवा टोकं असलेली कडी, साज, काठी वापरायला त्यात सरळ मनाई आहे. शिवाय ती उपयोगाचीही नाही. जखम भरते, पण त्या जागेची भीती राहते.

(श्रोत्यांमधून प्रश्न: लग्नसराई पंधरा दिवसांवर आली. एवढा वेळ कुठून आणायचा?)

बरोबर विचारलंत भाऊ. या हंगामात कडी घालूच नका. वरातीत घोडी आपण हातानं धरूनच चालवतो. रुंद, मऊ नाकपट्ट्याची मजबूत म्होरकी घाला, तिच्यावर गोंडे बांधा, कोणाला फरक कळणार नाही. पण मान खाली घेणं आणि थांबणं ती म्होरकीवर आधी घरी शिकलेली हवी. तेवढं पंधरा दिवसांतही झालं नाही, तर ती सुपारी सोडा. फटाक्यांच्या गर्दीत दुखऱ्या तोंडाची घोडी आणि पाठीवर नवरदेव, हा धोका कुठल्याच बिदागीत बसत नाही. खरी शिकवणी पुढच्या चातुर्मासात करा. घोडी तेव्हा रिकामी असते, आणि तुम्हीही.