गाईचे दूध न सोसणाऱ्या शिशूंचा आहार : खर्चाच्या एका बाबीचे स्पष्टीकरण

या अहवालास जोडलेल्या जमाखर्चात बालरोग विभागाखाली ‘विशेष शिशुआहार’ अशी एक बाब वाचकांच्या दृष्टीस पडेल. औषधे, उपकरणे व शस्त्रक्रिया यांवरील खर्च सर्वांच्या परिचयाचा असतो. परंतु रुग्णालयाने दुधाच्या भुकटीचे डबे का विकत घ्यावेत, असा प्रश्न देणगीदारांच्या मनात उद्भवणे स्वाभाविक आहे. विभागातील तज्ज्ञ डॉक्टरांकडून समजून घेतलेली माहिती त्यासाठी येथे देत आहोत. रुग्णांच्या नातेवाइकांनाही ती उपयोगी पडेल.

‘बाळाला दूध सोसत नाही’ या एका वाक्यामागे दोन भिन्न विकार असू शकतात. पहिला दुधातील साखरेशी, म्हणजे लॅक्टोजशी संबंधित आहे. जुलाबाच्या आजारात आतड्याच्या अस्तराला इजा झाली की ही साखर काही काळ पचत नाही. आतडे बरे होताच, बहुधा काही दिवसांत वा आठवड्यांत, ही तक्रार दूर होते. आईच्या दुधात लॅक्टोजचे प्रमाण गाईच्या दुधापेक्षाही अधिक, म्हणजे 100 मिलिलिटरमागे सुमारे 7 ग्रॅम असते. तरीही अशा आजारात स्तनपान बंद करावयाचे नसते. जन्मतःच लॅक्टोज न पचणे हा विकार अत्यंत दुर्मीळ आहे.

दुसरा विकार म्हणजे गाईच्या दुधातील प्रथिनांची ॲलर्जी. येथे शरीराची संरक्षक यंत्रणाच केसीन किंवा बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन यांसारख्या प्रथिनांना शत्रू समजते. वारंवार उलट्या, शौचातून रक्त जाणे, अंगावर पित्त उठणे, चिवट इसब, वजन न वाढणे ही त्याची लक्षणे होत. क्वचित श्वास कोंडून जिवावर बेतते. परंतु केवळ बाळ रडते म्हणून हे निदान करता येत नाही. गाईचे दूध दोन ते चार आठवडे पूर्णपणे वगळावे, लक्षणे थांबतात का ते पाहावे आणि नंतर डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते पुन्हा देऊन खात्री करावी, अशी निदानाची सर्वसाधारण रीत आहे. लक्षणे तीव्र असल्यास हा पुनर्प्रयोग रुग्णालयातच करतात.

निदान झाले तरी पहिला उपाय डब्यात नसून आईजवळच असतो. बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रथिन मानवी दुधात मुळात निर्माण होत नाही. आईने घेतलेल्या दुधादुभत्याचा अल्पसा अंश तेवढा तिच्या दुधातून बाळास पोहोचतो. त्यामुळे आईने दूध, दही, ताक, पनीर, खवा व मिठाई वर्ज्य केल्यास बहुतेक अशा बाळांचे स्तनपान सुखेनैव चालू राहते. तिला मात्र कॅल्शियम व ‘ड’ जीवनसत्त्व पूरक द्यावे लागते. बाळंतिणीने दूध प्यायले तरच तिला दूध येते, अशी आपल्या घराघरांतील दृढ समजूत आहे. आजी व सासूबाई यांना शेजारी बसवून हे समजावून सांगणे हाही उपचाराचाच भाग ठरतो.

आईचे दूध उपलब्ध नसल्यास घरोघरी शेळीचे दूध सुचविले जाते. ते हलके खरे; पण त्यातील प्रथिने गाईच्या दुधातील प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात की गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुसंख्य बाळांना तेही बाधते. शिवाय त्यात फोलिक ॲसिड अत्यल्प असल्याने केवळ त्यावर वाढणाऱ्या बाळास रक्तक्षय होऊ शकतो. म्हशीच्या दुधाचीही प्रथिनांबाबत तीच कथा. रस्त्यावर चमचाभर मोजून मिळणारे गाढविणीचे कच्चे दूध जंतुसंसर्गास निमंत्रण देते. त्याने बाळाचे पोट भरणे तर शक्यच नाही. तांदूळ, बदाम वा नारळ यांपासून केलेली पेये नावाने दूध असली तरी एक वर्षाखालील बाळाचा मुख्य आहार होऊ शकत नाहीत. त्यांत प्रथिने फारच कमी असतात आणि केवळ तांदळाच्या पेयावर ठेवलेली बाळे सुजून कुपोषित झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत.

सोयाबीनपासून केलेला शिशुआहार अमेरिकेत 1929 मध्ये अशा बाळांसाठी सुचविण्यात आला. आजही तो उपयोगात आहे. मात्र सहा महिन्यांखालील बाळांना तो सहसा देत नाहीत, आणि ॲलर्जी असलेल्या बाळांपैकी साधारण दहात एकाला किंवा त्याहून अधिकांना सोयाही सोसत नाही. गॅलॅक्टोसीमिया या जन्मजात विकारात मात्र आईचे दूधही थांबवावे लागते, आणि तेथे सोयाचा आहार मोलाचा ठरतो. ॲलर्जीसाठी मुख्य पर्याय म्हणजे प्रथिनांचे अतिसूक्ष्म तुकडे केलेला आहार. तो सुमारे नव्वद टक्के बाळांना चालतो. उरलेल्यांना थेट अमिनो आम्लांपासून बनविलेला आहार द्यावा लागतो. हे दोन्ही डबे सामान्य शिशुआहाराच्या कित्येक पट महाग असतात.

आता साधा हिशेब पाहू. सहा किलो वजनाच्या बाळाला दिवसाकाठी सुमारे 900 मिलिलिटर दूध लागते. त्यासाठी साधारण 120 ग्रॅम भुकटी, म्हणजे महिन्याला 400 ग्रॅमचे नऊ डबे लागतात. हातावर पोट असलेल्या कुटुंबास हे झेपत नाही. मग डबा पुरविण्यासाठी दोन मापांऐवजी एकच माप घातले जाते. बाटली भरलेली दिसते, बाळ पितेही. परंतु त्यास निम्मेच पोषण मिळते. जादा पाण्यामुळे रक्तातील सोडियम घटून झटके येण्याचा धोकाही संभवतो. बाळ घरी गेल्यानंतरचा हा खर्च रुग्णालयाच्या बिलात कोठेच दिसत नाही, आणि उपचार तेथेच फसण्याची भीती असते. प्रस्तुत निधी याच टप्प्यासाठी आहे.

येथे एक कायदेशीर बाब नम्रपणे नमूद करावीशी वाटते. शिशुदुग्धपर्यायांविषयीचा 1992 चा केंद्रीय कायदा 2003 मध्ये अधिक कडक करण्यात आला. त्यानुसार अशा आहाराची जाहिरात करणे, नमुने वाटणे वा ते परस्पर दान करणे यांस मनाई आहे. स्तनपान देऊ न शकणाऱ्या आणि डबा विकत घेण्याची ऐपत नसलेल्या मातेस मात्र आरोग्यसंस्था असा आहार देऊ शकते. म्हणून आम्ही कंपन्यांकडून नमुने स्वीकारीत नाही. बालरोगतज्ज्ञांची लेखी शिफारस व कुटुंबाच्या आर्थिक परिस्थितीची पडताळणी या दोन्ही गोष्टी पूर्ण झाल्यावरच खरेदी केलेला डबा दिला जातो. सोबत पाणी उकळणे, माप सपाट घेणे आणि तयार दूध दोन तासांच्या आत संपविणे यांचे प्रात्यक्षिकही करून दाखविले जाते. देणगीदारांनी प्रेमापोटीही डबे आणू नयेत, निधीतच भर घालावी, ही विनंती.

हा खर्च आजन्म नसतो. सहा महिन्यांनंतर वरणभात, नाचणीचे सत्त्व, भाज्या यांची जोड मिळते व डब्यांची संख्या घटू लागते. तीन ते पाच वर्षांपर्यंत बहुसंख्य मुलांची ॲलर्जी आपोआप नाहीशी होते. मधला काळ नीट निभावला, तर ते मूल पुढे इतरांसारखेच दूधभात खाते. तो काळ निभावून नेण्याचे सामर्थ्य आपल्या देणगीत आहे, हे कृतज्ञतापूर्वक येथे नोंदवितो.