चंद्रपूरचा परकोट : गोंडकालीन नगररचनेचा जिवंत वारसा

महाराष्ट्रात किल्ल्यांची वाण नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर गिरिदुर्ग आहेत, कोकणच्या किनाऱ्यावर जलदुर्ग आहेत, आणि देशावर व विदर्भात भुईकोटही आहेत. तथापि संपूर्ण नगराला कवेत घेणारा आणि ज्याच्या दरवाजांतून आजही शहराचा दैनंदिन व्यवहार चालतो, असा तट क्वचितच पाहावयास मिळतो. चंद्रपूरचा परकोट हा अशा दुर्मीळ वास्तूंपैकी एक होय. इरई आणि झरपट या दोन नद्यांच्या सान्निध्यात वसलेल्या या शहराची ओळख कोळशाच्या खाणी आणि औष्णिक वीज केंद्र यांमुळे देशभर झाली. परंतु त्याहून कित्येक शतके जुनी अशी त्याची ओळख म्हणजे हा दगडी तट आहे.

राजधानीचे स्थलांतर

चांद्याच्या गोंड राजांची पूर्वीची राजधानी वर्धा नदीच्या काठी बल्लारपूर येथे होती. ती तेथून हलवून आजच्या चंद्रपूरच्या जागी नवे नगर वसविण्याचे श्रेय परंपरा खांडक्या बल्लाळशहा या राजाला देते. हा काळ सामान्यतः पंधराव्या शतकाचा उत्तरार्ध मानला जातो.

या स्थलांतरामागे एक आख्यायिका सांगितली जाते. राजाच्या अंगावर गाठी आल्या होत्या व अनेक उपचार करूनही गुण येत नव्हता. शिकारीला गेला असता त्याने झरपटीच्या पात्रातील एका कुंडाचे पाणी प्याले आणि त्याची व्याधी शमली. त्या ठिकाणी अंचलेश्वराचे मंदिर उभे राहिले. पुढे त्याच परिसरात राजाला एक विलक्षण दृश्य दिसले. कपाळावर चंद्रासारखा पांढरा ठिपका असलेला एक ससा राजाच्या कुत्र्याचा पाठलाग करीत होता. राणीने हा शुभशकुन मानला आणि ज्या वाटेने हा पाठलाग झाला त्याच वाटेने तट बांधावा, असा सल्ला दिला.

आख्यायिका हा इतिहास नव्हे. परंतु तटाचा आकार चौकोनी किंवा वर्तुळाकार नसून वळणावळणाचा आहे, हे लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आणि त्याचे कारण त्यांनी या कथेतून सांगितले, असे म्हणता येईल. प्रत्यक्षात नद्यांची पात्रे, चढउतार आणि पाण्याच्या जागा यांना अनुसरूनच अशा तटाची आखणी होत असते.

एवढे मोठे काम एका राजाच्या हयातीत पूर्ण होणे शक्य नव्हते. परंपरेनुसार खांडक्या बल्लाळशहाने पायाभरणी केली, हीरशहाच्या काळात दरवाजांचे काम झाले आणि धुंड्या रामशहाच्या कारकिर्दीत, म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकाच्या संधिकाळी, तट पूर्णत्वास गेला. निबिड अरण्याने वेढलेल्या प्रदेशातील एका राज्याने अनेक पिढ्या एकाच योजनेचा पाठपुरावा केला, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. गोंड समाजाच्या इतिहासाकडे केवळ वनजीवनाच्या अंगाने पाहण्याची सवय असलेल्यांना या तटाने पुनर्विचार करावयास लावावे.

चार दरवाजे, पाच खिडक्या

परकोटाची लांबी साधारणतः ११ किलोमीटर आणि बुरुजांची संख्या ३९ सांगितली जाते. तटाला चार मुख्य दरवाजे आहेत. उत्तरेकडील जटपुरा दरवाजा नागपूरच्या वाटेवर आहे. पूर्वेला अंचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा आणि पश्चिमेला बिनबा दरवाजा आहे. यांखेरीज बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसान अशा पाच खिडक्या आहेत. येथे खिडकी म्हणजे घराचा झरोका नव्हे. मुख्य दरवाजा बंद असताना किंवा जवळच्या कामासाठी माणसांना ये-जा करता यावी, म्हणून तटात ठेवलेला तो लहान दरवाजा असतो. विठोबा, मसान अशा नावांवरून देवस्थानाकडे आणि स्मशानाकडे जाणाऱ्या वाटांची सहज आठवण होते. राजाचा लवाजमा दरवाजातून जात असेल. सामान्य माणसाचे जगणे मात्र या खिडक्यांतून चालत असावे.

दरवाजांवर कोरलेले हत्तीवर आरूढ झालेल्या सिंहाचे शिल्प पाहणाऱ्याचे लक्ष वेधून घेते. हे गोंड राजसत्तेचे चिन्ह होय. बलाढ्य हत्तीलाही नमविणारा सिंह दाखवून नगरात प्रवेश करणाऱ्याला येथे कोणाची सत्ता चालते, याची जाणीव करून दिलेली आहे.

बुरुजांचे प्रयोजन

तट सरळ रेषेत बांधला, तर त्याच्या पायथ्याशी येऊन पोहोचलेला शत्रू वरच्या पहारेकऱ्याच्या नजरेआड जातो. त्याला टिपावयाचे झाल्यास पहारेकऱ्याला कठड्यावरून वाकावे लागते आणि तो स्वतःच माऱ्यात सापडतो. ही उणीव बुरुजाने भरून निघते. बुरुज तटाच्या पुढे आलेला असल्यामुळे त्यावरील सैनिकाला दोन्ही बाजूंच्या भिंतींचा पायथा दिसतो. दोन बुरुजांमधील अंतर माऱ्याच्या टप्प्यात असेल, तर भिंतीचा कोणताही भाग असुरक्षित राहत नाही. बुरुज गोलाकार ठेवण्याचे कारणही असेच आहे. कोपरा फोडणे सोपे असते, गोलाईवर आघात विभागला जातो.

तटाच्या माथ्यावरून पहारेकऱ्यांना फिरण्यासाठी जी वाट ठेवलेली असते, तिला फांजी म्हणतात. बाहेरच्या बाजूने असलेल्या दगडी कठड्याला चर्या आणि मारा करण्यासाठी ठेवलेल्या छिद्रांना जंग्या म्हणतात. विद्यार्थ्यांना पुस्तकातून हे शब्द समजावून सांगण्यास तास पुरत नाही. तटावर उभे राहिल्यानंतर ते पाच मिनिटांत समजतात.

जुन्या वर्णनांवरून असे दिसते की, तटाच्या आत वस्तीबरोबर शेतजमीनही होती. रामाळा तलावही तटाच्या आतच आहे. वेढा पडला, तरी अन्न आणि पाणी नगरातच उपलब्ध असावे, हा त्यामागील विचार स्पष्ट दिसतो.

सत्तांतराचे साक्षीदार

इ. स. १७५१ मध्ये चांद्याचे राज्य नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेले आणि गोंड राजवट संपुष्टात आली. पुढे तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात, मे १८१८ मध्ये इंग्रज फौजेने नगराला वेढा दिला. तोफांच्या माऱ्याने तटाला खिंडार पडले व नगर पडले. किल्लेदार गंगासिंग या लढाईत कामी आला. तोफखाना सुधारण्यापूर्वी आखलेला तट नव्या तोफांसमोर फार काळ टिकू शकला नाही. युद्धशास्त्र बदलले की सर्वोत्तम तटबंदीही कालबाह्य ठरते, याचा हा वस्तुपाठ होय.

लष्करी उपयोग संपल्यानंतरही तट उभा राहिला. १९६४ मध्ये चांदा हे नाव मागे पडून चंद्रपूर हे नाव रूढ झाले. २०११ मध्ये येथे महानगरपालिका स्थापन झाली. शहर तटाबाहेर दूरवर पसरले. चैत्रात महाकालीच्या यात्रेला मराठवाडा व तेलंगणातून येणारे भाविक आजही याच परिसरात उतरतात. अंचलेश्वर दरवाजाजवळ गोंड राजांच्या समाध्या असून राणी हिराईने आपला पती बीरशहा याच्यासाठी बांधविलेली समाधी त्यांत उठून दिसते.

तटाला धोका कोणाचा?

आज तटाला शत्रूच्या तोफांचे भय नाही. त्याचे शत्रू वेगळे आहेत. अशा तटाच्या आतील व बाहेरील बाजूस घडीव दगड आणि मध्ये भराव असतो. सांध्यात पिंपळाचे किंवा वडाचे बी पडते, रोप उगवते आणि त्याची मुळे भरावापर्यंत जातात. मुळे जाड होऊ लागली की दगड सुटतात. पावसाचे पाणी बाहेर टाकणारे मार्ग कचऱ्याने बुजले, तर ते पाणी भरावात मुरते, भराव फुगतो आणि एखाद्या पावसाळ्यात भिंतीचा तो भाग पोट फुगून ढासळतो.

डागडुजीतही सावधगिरी लागते. जुन्या बांधकामात चुना वापरलेला असतो. चुन्याचा सांधा थोडा लवचिक असतो आणि आतील ओल बाहेर जाऊ देतो. त्यावर सिमेंटचा लेप दिला की ओल आत कोंडते व क्षारांमुळे दगड झिजू लागतो. चांगल्या हेतूने केलेली दुरुस्ती अशा रीतीने हानिकारक ठरते. वाढलेले झाड ओढून काढणे हेही तितकेच धोक्याचे आहे, कारण मुळांबरोबर दगडही निखळतात. म्हणून ही कामे पुरातत्त्व विभागाच्या देखरेखीखालीच व्हावयास हवीत.

कायदा आणि नागरिक

परकोट हा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक केंद्रीय कायद्यात २०१० मध्ये झालेल्या सुधारणेनुसार संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटरचे क्षेत्र विनियमित आहे. प्रतिबंधित क्षेत्रात नवे बांधकाम करता येत नाही. जुन्या घराच्या दुरुस्तीसाठी मात्र सक्षम अधिकाऱ्यामार्फत परवानगी मिळू शकते. स्मारकाची नासधूस करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

एखाद्या टेकडीवरील मंदिराभोवती हा नियम पाळणे सोपे आहे. परंतु कित्येक किलोमीटर लांबीचा तट जेव्हा भरवस्तीतून जातो, तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंची शेकडो घरे या कक्षेत येतात. गळके छप्पर बदलू पाहणाऱ्या कुटुंबाला वारसा ही अडचण वाटू लागली, तर दोष केवळ त्या कुटुंबाला देता येणार नाही. नियम कोणता, परवानगी कोठे मिळते आणि कागद कोणते लागतात, हे त्याला त्याच्या भाषेत वेळेवर सांगणे, हे स्थानिक प्रशासनाचे कर्तव्य ठरते. माहितीच्या अभावी झालेले अतिक्रमण पुढे पाडणे सर्वांनाच क्लेशदायक होते.

लोकसहभाग काय करू शकतो, याचे उदाहरणही चंद्रपूरनेच घालून दिले आहे. मार्च २०१७ पासून इको-प्रो या स्थानिक संस्थेच्या स्वयंसेवकांनी पुरातत्त्व विभागाच्या सहकार्याने परकोटाची स्वच्छता हाती घेतली. झुडपांनी आणि कचऱ्याने झाकलेले बुरुज व फांजी पुन्हा दृष्टीस पडू लागले. दररोज सकाळी श्रमदान करून सुमारे २०० दिवस सातत्याने चाललेल्या या कामाचा उल्लेख पंतप्रधानांनी २९ ऑक्टोबर २०१७ रोजी ‘मन की बात’ या आकाशवाणी कार्यक्रमात केला. कचरा दूर झाल्यानंतर नागरिक तटावरून फिरू लागले, ही या कार्याची खरी फलश्रुती होय.

शाळांसाठी एक पाठ

परकोट पाहावयास जाणाऱ्या शिक्षकांनी एका दरवाजापासून दुसऱ्या दरवाजापर्यंतचाच भाग निवडावा. विद्यार्थ्यांनी पावले मोजून अंतर काढावे, बुरुज नकाशावर दाखवावेत, चुन्याचा सांधा व सिमेंटचा सांधा यांतील फरक ओळखावा आणि कोठे झाड उगवले आहे, कोठे दगड सुटला आहे, याची नोंद करावी. निखळलेल्या कडांवर चढू नये व दगड हलवू नयेत. अशा नोंदी पुरातत्त्व विभागाकडे आणि महानगरपालिकेकडे पाठविल्यास सहलीचे रूपांतर उपयुक्त कार्यात होईल.

आपल्या संमिश्र संस्कृतीच्या समृद्ध वारशाचे मोल जाणून तो जतन करणे, हे भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ५१ क मध्ये प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून सांगितले आहे. ज्यांच्या गावात परकोट नाही, त्यांच्याकडेही एखादी गढी, वेस, बारव किंवा वीरगळ असतेच. तिची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरी आहे काय, तिच्यातून पाणी कोठे झिरपते आणि तिच्यावर कोणते झाड वाढत आहे, एवढे पाहण्यासाठी अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. पावसाळ्यापूर्वीची एक फेरी त्यासाठी पुरेशी आहे.