अस्थींत साठणारे शिसे व आहारातील खनिजे

न्यासाच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत, अशी विश्वस्त मंडळींची आज्ञा झाली. शाळामास्तराजवळ देण्याजोगे ते काय असणार? घरोघरी उपयोगी पडावी अशी शास्त्रातील एक गोष्ट सभासद बंधुभगिनींपुढे ठेवतो.

शिसे हा जड धातू. जुन्या दारांखिडक्यांच्या रंगाचे पोपडे, बॅटऱ्या फोडण्याचा धंदा, भेसळीच्या कथलाची कल्हई यांतून तो पोटात जातो. आमच्या घरांत आणखी एक वाट आहे, ती सुरम्याची. सुरमा म्हणजे अंजनाचा दगड अशी आपली समजूत. परंतु बाजारातील पुष्कळ सुरमे तपासले असता ते शिसे व गंधक यांचे खनिज निघाले आहेत. मूल डोळे चोळते आणि तोच हात तोंडात घालते. मोठ्या माणसाच्या मानाने मुलाचे शरीर पोटातील शिसे चार-पाच पट अधिक शोषून घेते.

रक्तातील शिसे महिन्याभरात निम्म्यावर येते, म्हणून संकट टळले असे वाटते. पण त्यातील बराच भाग हाडांत जाऊन बसलेला असतो. शिसे व कॅल्शियम यांच्यातील भेद शरीराला नीटसा ओळखता येत नाही, हे त्याचे कारण. प्रौढाच्या शरीरातील नव्वद टक्क्यांहून अधिक शिसे हाडांत व दातांत असते आणि तेथे ते दशकानुदशके राहते. गरोदरपणी व अंगावर पाजताना आईच्या हाडांतून कॅल्शियम निघते, त्याबरोबर हे शिसेही निघते. आईच्या बालपणीचे विष असे बाळाच्या वाट्याला येते आणि त्याच्या बुद्धीच्या वाढीला बाधा आणते.

येथे खनिजांचा उपयोग होतो. आहारात कॅल्शियम व लोह पुरेसे असले तर आतड्यांतून शिसे कमी शोषले जाते. ती कमी पडली तर अधिक. मेक्सिको शहरात गरोदर स्त्रियांना रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम दिले असता रक्तातील शिसे सरासरीने सुमारे ११ टक्के कमी झाले, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. मात्र साठलेले शिसे खनिजांनी धुऊन निघत नाही. शिवाय हाडांच्या भुकटीपासून केलेल्या काही कॅल्शियमच्या औषधांतच शिसे सापडले होते. म्हणून गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. आजरा-चंदगडकडची नाचणी मात्र आपल्या हाताशी आहे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तीळ, दूध व पालेभाज्या यांचीही जोड द्यावी.

आपल्या देशात २००० सालापासून मोटारींचे पेट्रोल शिसेविरहित झाले, २०१७ पासून घरगुती रंगांतील शिशावर कडक मर्यादा आली. सरकारने आपला वाटा उचलला. घरातला वाटा आपला.

गेल्या वर्षी धाकट्या बहिणीच्या बाळाच्या डोळ्यांत घालण्यासाठी आमच्या अम्मींनी सुरमादाणी काढली. मी हात धरला. अम्मी रागावल्या, म्हणाल्या, "तुझ्या डोळ्यांत मीच घातला ना? काय झाले तुला?" त्या प्रश्नाचे उत्तर माझ्या हाडांनाच ठाऊक. दोन दिवस त्या बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी सुरमादाणी आपण होऊन कपाटात ठेवली आणि बहिणीसाठी नाचणीची आंबील शिजत घातली. आपल्या घरांतूनही एवढे घडले, तर या लेखाचे सार्थक झाले असे मी समजेन.