सगळ्या घराची शाळा

पुण्यातील ज्या मार्गदर्शन केंद्रात बसून मी हे काम पाहत आलो, तेथे शिक्षिकेची बैठक मुलासमोर नसून किंचित बाजूला, त्याच्या आईच्या खांद्याशी असते. कारण अडीच-तीन वर्षांचे ते कर्णबधिर मूल या वर्गाचे विद्यार्थी खरे, परंतु आठवड्यातील हा एक तास वगळता उरलेला सगळा काळ ज्या घरात त्याला काढावयाचा, त्या घरातील माणसांना त्याच्याशी बोलावयास शिकविणे, हाच येथील अध्यापनाचा मुख्य विषय होय.

तासाचा प्रारंभ मुलाच्या श्रवणयंत्राच्या तपासणीने होतो. बाई मुलाच्या मागे उभ्या राहून ‘आ’, ‘ई’, ‘ऊ’, ‘म्’, ‘स्’, ‘श्’ हे सहा ध्वनी, मध्ये अनियमित अवकाश सोडून, उच्चारतात, आणि ध्वनी कानी पडला की मुलाने हातातील कडे समोरच्या खुंटीत अडकवावयाचे असते. डॅनिएल लिंग या तज्ज्ञाने रूढ केलेली ही कसोटी, मानवी वाणीतील खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतचा प्रदेश या मोजक्या ध्वनींत सामावत असल्यामुळे, आईने रोज सकाळी घरीही घ्यावी अशी अपेक्षा असते. एखादा ध्वनी निसटला, तर बॅटरी उतरली आहे, कानात बसविलेल्या साच्यात मळ अडकला आहे, की वाढत्या कानाला साचा सैल पडून यंत्र शिट्टी घालते आहे, हे तिनेच ओळखावयाचे. यंत्र आवाज वाढविते, पण निवड करीत नाही. कुकर, पंखा, दूरदर्शन आणि आईचे बोलणे ही सारी एकदमच कानात शिरतात. म्हणून जवळ या, चेहऱ्यावर उजेड घ्या, ओरडू नका, ओठ ताणू नका, या सूचना पुनःपुन्हा द्याव्या लागतात.

त्या दिवशी मेजावर मटाराच्या शेंगा होत्या. मुलाने एक शेंग फोडली आणि आतून अळी वळवळत बाहेर आली. मूल दचकले, हात मागे घेऊन त्याने आईकडे पाहिले, डोळे विस्फारले आणि घशातून एक अस्फुट ध्वनी काढला. आई सवयीने अळी झटकू लागली, तोच बाईंनी तिचा हात धरला. “अहो आई, टाकू नका. तो काहीतरी म्हणतोय. त्याचं तुम्ही म्हणा.” क्षणभर थांबून आई म्हणाली, “अगंबाई, अळी! अळी निघाली! घाबरलास होय रे? मलापण भीती वाटते.” मुलाने बोट पुढे नेले, पुन्हा मागे घेतले, आणि या वेळी त्याच्या तोंडून ‘अ’नंतर काहीसे ‘ई’सारखे निघाले. बाईंनी त्याच्या उच्चारात दुरुस्ती केली नाही. “हो, अळीच ती,” एवढेच त्या म्हणाल्या.

मुलाच्या मनात उमटलेला, परंतु ज्यासाठी त्याच्यापाशी शब्द नाही, असा आशय हेरावयाचा, तो प्रथम त्याच्या वतीने उच्चारावयाचा आणि मग आपल्या वतीने त्यास उत्तर द्यावयाचे, असा हा दुहेरी संवाद. नेदरलँड्समधील बधिरांचे शिक्षक फान उडेन यांनी त्याची शास्त्रशुद्ध मांडणी केली, आणि आपल्याकडील विशेष शिक्षकांच्या अभ्यासक्रमातही ती शिकविली जाते. सायंकाळी आईने वहीत अळीचे चित्र काढावयाचे, खाली घडलेली हकिकत दोन वाक्यांत लिहावयाची, आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाने त्या पानावरून मुलाशी बोलावयाचे. ऐकणाऱ्या मुलाच्या कानी एकच वाक्य नकळत शेकडो वेळा पडते. येथे ती पुनरावृत्ती योजून घडवून आणावी लागते.

वरकरणी सोपी वाटणारी ही गोष्ट मातांना अतिशय जड जाते, आणि त्याचे कारण मला फार हेलावून गेले. निदान झाल्याच्या दिवसापासून त्यांतील पुष्कळ जणींचे मुलाशी बोलणेच आटलेले असते. याला ऐकू येत नाही, मग बोलावयाचे कशाला, या विचाराने अंगाईसुद्धा थांबते. बधिर मुलांपैकी शंभरात नव्वदांहून अधिक मुले ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात, आणि त्या आईबापांपैकी बहुतेकांना पहिला बधिर मनुष्य भेटतो तो आपल्याच पाळण्यात. या मातांना आधी स्वतःचा आवाज परत मिळवून द्यावा लागतो.

मुंबईत बधिरांची शाळा एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकातच निघाली. परंतु शाळेच्या वयाचे होईपर्यंत भाषेचा सर्वांत सुपीक काळ ओसरून जातो, ही अडचण शाळेने सुटणारी नव्हती. लॉस एंजेलिस येथे चित्रपटनट स्पेन्सर ट्रेसी यांच्या पत्नी लुईस यांनी आपल्या बधिर मुलाच्या, जॉनच्या, संगोपनातून मिळालेले ज्ञान इतरांस देण्यासाठी १९४२ मध्ये त्याच्याच नावाने संस्था स्थापिली, आणि टपालाने घरपोच, विनामूल्य धडे पाठविण्याची प्रथा पाडली. आपल्या देशात वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून उभी आहे. जन्मानंतर महिन्याच्या आत चाचणी, तीन महिन्यांत निदान आणि सहा महिन्यांत उपाययोजना हा दंडक आता जगन्मान्य आहे. तथापि या वर्गात दोन वर्षांनंतर आलेली मुलेच मला अधिक दिसली.

मात्र मला जे सर्वांत अन्यायाचे वाटते ते निराळेच आहे. पालकांचे शिक्षण म्हणून जे चालते ते बहुधा एकट्या आईचे शिक्षण असते. यंत्र तिने सांभाळावयाचे, वही तिने लिहावयाची, अपंगत्वाच्या दाखल्यासाठी सरकारी रुग्णालयात रांग तिने लावावयाची, आणि प्रगती खुंटली तर ठपकाही तिच्याच पदरी. अळीवाल्या मुलाची आजी लग्नकार्यात त्याचे यंत्र काढून डबीत ठेवी, कारण “पुढे याचं कसं व्हायचं” ही चिंता तिला जाळीत असे. तिचे दुःख खोटे नव्हते, पण तिच्याशी ते बोलावयास कोणी बसले नव्हते. वडील चाकणच्या कारखान्यात पाळीवर जात.

महिन्यातून एकदा केंद्रात एक तरुण येतो. तो जन्मतः बधिर, बँकेत नोकरीला आहे; खुणांच्या भाषेत बोलतो आणि दुभाषी ते मराठीत सांगते. एका आईने भीत भीत विचारले, लहानपणीचा घरच्यांवर राग आहे का? त्याने सांगितले की आईवर नाही, परंतु जेवताना सगळे हसत, आणि कशाला हसलात असे विचारले की वडील म्हणत, “नंतर सांगतो.” ते नंतर कधी आले नाही. खुणांना असा थारा न मिळण्याचे मूळ जुने आहे: १८८० च्या मिलान येथील बधिरशिक्षणाच्या परिषदेने त्यांना शाळेतून हद्दपार केले, आणि खुणांमुळे वाचा मागे पडते ही धास्ती आजही पालकांस घातली जाते. मला ती निराधार वाटते. भारतीय खुणांच्या भाषेचा दहा हजार संज्ञांचा कोश २०२१ पासून सर्वांना उपलब्ध आहे. यंत्र लावलेले असो वा नसो, ताटावरचा विनोद मुलाला त्याच क्षणी कळला पाहिजे, मग तो ओठांनी कळो वा हातांनी.

कायद्याचा कलही आईकडेच आहे. केंद्र सरकारच्या सेवेत बालसंगोपनासाठी ७३० दिवसांची रजा स्त्रियांना मिळते; पुरुषांपैकी ती २०१८ मध्ये लागू झाली ती केवळ एकट्याने मूल सांभाळणाऱ्यांना. खासगी कारखान्यात तर सारे वरिष्ठांच्या मर्जीवर. म्हणून बाईंनी हजेरीपटात वडील आणि आजी-आजोबा यांचे रकाने आखले आहेत, आणि त्या मुलाच्या वडिलांसाठी संस्थेच्या शिक्क्यानिशी कारखान्याला अर्ज लिहिला: सदर कामगारास दर गुरुवारी पहिल्या पाळीऐवजी दुसरी पाळी देण्यात यावी, कारण मुलाच्या शिक्षणात त्यांची उपस्थिती मातेइतकीच आवश्यक आहे. व्यवस्थापनाने तूर्त तीन महिन्यांची मंजुरी दिली असून, मुदत संपण्यापूर्वी फेरअर्ज करावयाचा आहे.